पाच विरुद्ध चार

रविवारचे जेवण आटोपले, सुपारी कातरून झाली, की आमच्या घरी कशावरून ना कशावरून वादाला तोंड फुटतेच. या वेळी निमित्त झाले पुतणीचे. दहावीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली आहे आणि या मोकळ्या दिवसांत फिगर स्केटिंगच्या जुन्या स्पर्धांची चित्रणे पाहण्याचा छंद तिला जडला आहे. बर्फ तिने पाहिला तो सरबताच्या पेल्यात. आमच्या दिल्लीहून सिमला तसे दूर नाही, आणि तेथे हिवाळ्यात उघड्या मैदानात पाणी गोठवून स्केटिंग करण्याची प्रथा फार जुनी आहे. पण तिकडे जाण्याचा योग अद्याप आलेला नाही. तरीही कोणत्या उडीला काय म्हणतात, उडी घेताना पोलादी पात्याची आतली कड टेकवायची की बाहेरची, हे ती आता एखाद्या जाणत्याप्रमाणे सांगते.

त्या दिवशी तिने आम्हां सर्वांना बसवून २०१४ सालच्या सोची ऑलिंपिकमधील महिलांची अंतिम फेरी दाखवली. आधी रशियाची सतरा वर्षांची आदेलिना सोत्निकोवा, सँ-साँच्या व्हायोलिनच्या सुरांवर. आणि सर्वांत शेवटी दक्षिण कोरियाची किम यु-ना, चार वर्षांपूर्वीची व्हँकुव्हरची सुवर्णपदक विजेती, पियाझोलाच्या टँगोवर. निकाल काय लागला हे पुतणीने मुद्दामच सांगितले नव्हते. किमचा कार्यक्रम संपला तेव्हा सासूबाईंनी हातातली वात तशीच धरून ठेवली होती. “हिला पहिला नंबर,” त्या म्हणाल्या, “यात विचारायचे काय? ती दुसरी मुलगी चांगली आहे, पण ती उड्या मारते आहे हे दिसते. हिचे तसे नाही.”

निकाल उलट होता. सोत्निकोवाला २२४.५९ गुण मिळून सुवर्णपदक आणि किमला २१९.११ गुण मिळून रौप्यपदक. इटलीची कारोलिना कोस्टनर २१६.७३ गुणांनी तिसरी.

“अन्याय!” सासूबाई म्हणाल्या.

आमचे भावोजी हिशेबतपासनिसाच्या नोकरीत आहेत. अन्याय हा शब्द ते सहसा वापरत नाहीत, ते विचारतात, “कागद कुठे आहे?” कागद होता. या खेळात आता प्रत्येक स्पर्धेनंतर सविस्तर गुणपत्रक प्रसिद्ध होते. पुतणीने ते काढून दिले आणि भावोजी चष्मा लावून बसले. पुढचा तास दीड तास जो वाद झाला, तो या स्तंभात मांडण्याचे एक कारण माझे खासगी आहे. ते मी शेवटी सांगेन.

प्रथम वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असते, कुस्तीत पाठ मातीला लागते. फिगर स्केटिंगमध्ये यांपैकी काहीच नाही. दोन स्पर्धकांनी चार मिनिटे जे केले, त्यांत सरस कोणते हे माणसांनीच ठरवायचे. म्हणून या खेळाच्या इतिहासात खेळाडूंइतकीच पंचांचीही चर्चा झालेली आहे. १९२७ साली ऑस्लोला झालेल्या जागतिक स्पर्धेत पाच पंच होते आणि त्यांतले तिघे नॉर्वेचे. पाच वेळा अजिंक्यपद मिळवलेली ऑस्ट्रियाची हेर्मा साबो एका बाजूला आणि नॉर्वेची चौदा वर्षांची सोन्या हेनी दुसऱ्या बाजूला. तिघा नॉर्वेजियन पंचांनी हेनीला पहिले स्थान दिले, उरलेल्या दोघांनी, म्हणजे ऑस्ट्रियन आणि जर्मन पंचांनी, साबोला. त्यानंतरच एका देशाचा एकच पंच असावा असा नियम करण्यात आला. हेनी पुढे सलग दहा वर्षे जगज्जेती राहिली आणि तिने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तेव्हा १९२७ चा निकाल चुकलाच होता असे छातीठोकपणे कोण म्हणेल? पण तो स्वच्छ होता असेही कोणी म्हणू शकत नाही. बरोबर निकालसुद्धा चुकीच्या रीतीने लागू शकतो. या खेळातल्या पुष्कळशा भांडणांचे मूळ येथे आहे.

त्यानंतरच्या काळात गुण द्यायचे ते सहापैकी. एक गुण तंत्राला आणि एक कलात्मकतेला. ऐकायला हे फार सोपे वाटते. परंतु खरी गोम अशी होती की, या गुणांची बेरीज करून निकाल लागतच नसे. प्रत्येक पंचाच्या गुणांवरून त्याच्यापुरता क्रम लावायचा आणि कोणाला अधिक पंचांनी वर ठेवले ते पाहायचे. म्हणजे ५.८ हा आकडा वस्तुतः आकडा नव्हेच. ‘ही त्या दुसरीच्या वर’ एवढेच सांगण्याची ती एक खूण. साहजिकच जी मुलगी आधी खेळायला येई तिला पंच हात राखून गुण देत, कारण पुढे कोणी अधिक चांगली आली तर वर जागा उरली पाहिजे.

१९९४ साली लिलेहॅमरला युक्रेनची सोळा वर्षांची ओक्साना बायुल आणि अमेरिकेची नॅन्सी केरिगन यांच्यात असाच निकाल लागला. नऊ पंच: पाच बायुलकडे, चार केरिगनकडे. पोलंड, चेक प्रजासत्ताक, युक्रेन, चीन आणि जर्मनी एका बाजूस. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि जपान दुसऱ्या बाजूस. नकाशा पुढे ठेवला तर शीतयुद्ध संपले आहे हे कोणी पंचांना कळवले होते की नाही अशी शंका यावी. (जपान आणि चीन यांनी मात्र नकाशाचा खेळ थोडा बिघडवला.) त्यांतल्या जर्मन पंचाच्या कागदावर दोघींची बेरीज सारखीच झाली होती. बेरीज सारखी आली तर मुक्त कार्यक्रमात कलात्मकतेचा गुण जिला अधिक ती वर, असा नियम. आणि तो दशांश गुण बायुलच्या पारड्यात होता. एका माणसाच्या एका दशांशावर सुवर्णपदक ठरले. हा पंच स्वतः जगज्जेता राहिलेला खेळाडू होता, त्याच्या प्रामाणिकपणावर कोणी बोट ठेवले नाही. तरीही केरिगनच्या चाहत्यांना तो दशांश आजतागायत खुपतो.

याहून चमत्कारिक गोष्ट २००२ सालची. सॉल्ट लेक सिटीत लघु कार्यक्रमानंतर अमेरिकेची मिशेल क्वान पहिली, रशियाची इरिना स्लुट्स्काया दुसरी, आणि अमेरिकेचीच सोळा वर्षांची सारा ह्यूज चौथी होती. लघु कार्यक्रमातल्या क्रमांकाची निम्मी किंमत धरायची, मुक्त कार्यक्रमातल्या क्रमांकाची पूर्ण. जिची बेरीज कमी ती विजयी. ह्यूजने मुक्त कार्यक्रमात अक्षरशः जीव ओतला. सर्वांत शेवटी स्लुट्स्काया यायची होती. ती येईपर्यंत ह्यूजची बेरीज तीन होती आणि क्वानची अडीच, म्हणजे क्वान पुढे. स्लुट्स्कायाने कार्यक्रम केला, पंचांनी तिला ह्यूजच्या खाली पण क्वानच्या वर बसवले. झाले! क्वान मुक्त कार्यक्रमात दुसरीची तिसरी झाली, तिची बेरीज साडेतीन. स्लुट्स्काया आणि ह्यूज दोघींची तीन. बरोबरी झाल्यास मुक्त कार्यक्रमातली पहिली वर, म्हणून ह्यूजला सुवर्ण. क्वान आणि ह्यूज दोघी बर्फावरून उतरून बसलेल्या. त्या दोघींमध्ये कोण वर हे तिसरीच्या कामगिरीने फिरवले. ह्यूज आणि स्लुट्स्काया यांच्यातला पंचांचा कौलही पुन्हा पाच विरुद्ध चार! रशियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली.

भावोजींनी हे ऐकून दोन्ही हात जोडले. “हा हिशेब आमच्या कचेरीत कोणी आणला असता तर मी तो परत पाठवला असता.”

परत पाठवलाही गेला, पण वेगळ्या कारणासाठी. त्याच स्पर्धेत जोड्यांच्या प्रकारात रशियन जोडीला कॅनडाच्या जोडीवर असाच पाच विरुद्ध चार कौल मिळाला आणि आपल्यावर दडपण आणले गेल्याचे फ्रेंच पंच बाईंनी सांगितले. पुढे त्यांनी ते विधान फिरवले. बराच गहजब झाला. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्या पंच बाई आणि फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष या दोघांना तीन वर्षांसाठी दूर ठेवण्यात आले. सहापैकी सहाची जुनी पद्धत त्यानंतर फार काळ टिकली नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत स्वीकारली, आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकपासून पदके तिच्यावर ठरू लागली.

नवी पद्धत म्हणजे भावोजींच्या मनासारखी. प्रत्येक उडीला, गिरकीला आणि पदन्यासाला ठरलेली किंमत. सोचीच्या वेळी तीन फेऱ्यांच्या लुट्झ उडीला ६, लूप उडीला ५.१, दुहेरी ॲक्सेलला ३.३, असे दरपत्रकच होते. कोणती उडी झाली, पूर्ण फिरली की अर्धवट, हे तीन तंत्रज्ञ ठरवतात. ती किती सफाईने झाली याचे अधिक-उणे गुण नऊ पंच देतात. आणि संपूर्ण कार्यक्रमाची बांधणी, स्केटिंगचे कौशल्य, संगीताची जाण यांचे गुण निराळे. त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण टाकून उरलेल्या सातांची सरासरी काढतात. एखादा पंच बेइमान असला तरी एकट्याने फार बिघडवू शकत नाही, ही त्यामागची कल्पना. शिवाय आता कोणाच्या क्रमांकाने दुसऱ्याचा क्रमांक उलटत नाही. प्रत्येकीच्या नावे जे जमा झाले ते झाले.

मग सोचीत काय झाले? भावोजींनी कागदाच्या पाठीवर मांडून दाखवले ते असे. लघु कार्यक्रमात किम ७४.९२, सोत्निकोवा ७४.६४, किम किंचित पुढे. मुक्त कार्यक्रमात सोत्निकोवाला १४९.९५, किमला १४४.१९, फरक ५.७६. यांतल्या मूळ किमती पाहिल्या तर सोत्निकोवाच्या ६१.४३ आणि किमच्या ५७.४९. म्हणजे ३.९४ गुणांचा फरक निव्वळ अवघड गोष्टी अधिक केल्याचा आहे. सोत्निकोवाने तीन फेऱ्यांच्या सात उड्या घेतल्या, किमने सहा. ट्रिपल लूप किमच्या कार्यक्रमात नव्हतीच. सफाईच्या गुणांत सोत्निकोवा १.९१ ने पुढे. आणि कलेच्या बाजूचे गुण? किमला ७४.५०, सोत्निकोवाला ७४.४१. जवळजवळ बरोबरी.

“पाहा,” भावोजी म्हणाले, “जिने अधिक माल दिला तिला अधिक पैसे मिळाले. यात अन्याय कुठला? किमनेच कमी मालाचे बिल लावले.”

येथे मला गप्प बसवेना. कारण हिशेबतपासनिसाने बेरीज तपासली होती, पण बेरजेत पडलेले आकडे कोठून आले ते पाहिले नव्हते. कलेच्या बाजूचे गुण बरोबरीत आले हीच तर सासूबाईंची तक्रार! दोन दोन ऑलिंपिकमध्ये बर्फावर ज्या शांतपणे किम वावरली, तिच्यात आणि सतरा वर्षांच्या, उमद्या पण अजून घडायच्या राहिलेल्या मुलीत नऊ दशांशांचाही, अगदी एका दशांशाचाही फरक पंचांना दिसू नये? सोत्निकोवाला हे गुण त्याच मोसमात आधी एवढे मिळत नव्हते. यजमान देशाच्या प्रेक्षकांच्या गजरात ते एकदम चढले. तीन उड्यांच्या जोडणीत शेवटी तिचा तोल किंचित गेला होता. तिच्या लुट्झ उडीत पात्याची कड बरोबर होती काय, यावर जाणकार अजूनही भांडतात. किमच्या पदन्यासाला तिसरी पातळी मिळाली, सोत्निकोवाच्या पदन्यासाला चौथी. हे निर्णय तंत्रज्ञांनी दिलेले. त्यांच्यावरचा नियंत्रक रशियन होता. त्याने पक्षपात केला असे माझे म्हणणे नाही, तसा पुरावा कोणी दिलेला नाही. पण आकडा दिसला की आपण तो मोजलेला आहे असे समजतो, आणि येथे पुष्कळ आकडे मोजलेले नसतात, दिलेले असतात.

शिवाय पंच कोण होते? त्यांतल्या एक बाई रशियन स्केटिंग महासंघाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या पत्नी. दुसरे एक गृहस्थ युक्रेनचे. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या वेळी निकाल आधीच ठरवण्याचे बोलणे दूरध्वनीवर करताना ते कॅनडाच्या पंच बाईंच्या ध्वनिफितीत पकडले गेले होते आणि वर्षभर निलंबित होते. दंड भोगून झालेल्या माणसाला पुन्हा काम देऊ नये काय, हा निराळा प्रश्न. पण नेमकी ऑलिंपिकची अंतिम फेरीच त्याच्या हाती द्यावी काय? आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या काळी पंचांचे गुण निनावी होते. गुणपत्रकावर नऊ रकाने होते. पण कोणता रकाना कोणाचा, हे कोणालाच कळत नव्हते. कोरियाच्या महासंघाने तक्रार केली, तिच्या समर्थनार्थ दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने ती फेटाळली. सोत्निकोवाच्या गळ्यात महिलांच्या एकेरीतले रशियाचे पहिले सुवर्णपदक पडले, आणि त्याबरोबर जन्मभराचा संशयही. त्या मुलीचा यात काय दोष? तिने तर आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम त्या दिवशी केला होता. झाकपाकीने हरलेलीचे नुकसान होते हे सर्वांना दिसते. जिंकलेलीचेही होते हे फारसे कोणी बोलत नाही.

निनावीपणाची गंमत अशी की, तो सदहेतूने आणलेला होता. पंचाचे नाव झाकले तर त्याच्या देशाचे अधिकारी त्याच्यावर दबाव आणू शकणार नाहीत, हा हेतू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी या काळातले गुण अभ्यासले, तेव्हा नाव झाकल्यानंतर आपापल्या देशाच्या खेळाडूंकडे झुकण्याची पंचांची वृत्ती घटलेली नव्हती, उलट वाढलेली आढळली. २०१६ साली संघटनेने निनावी पद्धत मोडीत काढली. त्यानंतर पुन्हा पक्षपात झाला नाही काय? झाला. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकनंतर दोन चिनी पंचांना आपल्याच खेळाडूंना झुकते माप दिल्याबद्दल निलंबित केले गेले. पण ते पकडता आले, कारण आकड्यापुढे नाव होते.

सासूबाईंनी तोपर्यंत वातींचा डबा बंद केला होता. त्यांचा एक प्रश्न मात्र मला अजून छळतो आहे. “पण कलेला गुण द्यावेतच का? उड्या मोजा आणि मोकळे व्हा.”

याचे उत्तर पुतणीने दिले. तिने २०२२ ची बीजिंगची अंतिम फेरी लावली. रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोवाने मुक्त कार्यक्रमात चार फेऱ्यांच्या पाच उड्या घेतल्या. महिलांत असे धाडस ऑलिंपिकमध्ये पूर्वी कोणी केले नव्हते. मुक्त कार्यक्रमात तिचे १७७.१३ गुण सर्वांत अधिक. तरीही लघु कार्यक्रमातली पिछाडी भरून निघाली नाही. तिचीच सहकारी आन्ना श्चेर्बाकोवा २५५.९५ गुणांनी पहिली आली, त्रुसोवा २५१.७३ गुणांनी दुसरी. ती रडली, ओरडली, पदक घ्यायला जाणार नाही म्हणाली. सर्व जगाने ते पाहिले. तिच्या बाजूने पाहा: चार फेऱ्यांच्या लुट्झला साडेअकरा गुण, तीन फेऱ्यांच्या लुट्झला सहाला थोडे कमी. दरपत्रकच सांगते की दुप्पट मोलाचे काम कर. ते तिने केले. मग सुवर्ण का नाही? आणि विरुद्ध बाजूने पाहा: असे दर ठेवले की चौदा-पंधरा वर्षांच्या, अजून अंग न भरलेल्या मुलींनाच उड्या साधतात. वय वाढले, शरीर बदलले की त्या मागे पडतात. वरिष्ठ गटातील किमान वय पंधराचे सतरा करण्यात आले त्यामागे हाही विचार होता. केवळ उड्या मोजल्या तर हा खेळ बायकांचा उरणार नाही, लहान मुलींचा होईल.

आणि केवळ रेखीवपणा मोजला तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. पूर्वी बर्फावर पात्याने ठरावीक आकृत्या कोरायच्या असत, आणि पंच वाकून वाकून त्या रेघा तपासत. यात कला नाही, घोटीव शिस्त आहे. १९७२ साली साप्पोरोला ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा आकृत्यांत एवढी पुढे गेली की, मुक्त कार्यक्रमात सातवी येऊनही सुवर्ण तिचेच. मुक्त कार्यक्रमात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यपदकावर राहिली. प्रेक्षक दूरचित्रवाणीवर लिनला पाहत होते. आकृत्या कोणी पाहत नव्हते. पुढच्याच वर्षी लघु कार्यक्रम आला आणि आकृत्यांचे वजन घटले, १९९० नंतर त्या गेल्याच. शूबाने नियमाप्रमाणे जिंकले होते. पण नियमच असा होता की, ज्यासाठी लोक तिकीट काढत ते त्यात नगण्य होते.

फ्रान्सच्या सुर्या बोनालीची आठवणही येथे द्यायला हवी. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या युका सातोने तिला अगदी थोडक्यात हरवले, कौल पुन्हा पाच विरुद्ध चार, तेव्हा तिने व्यासपीठावर चढण्याचे नाकारले आणि गळ्यातले पदक काढून टाकले. १९९८ ला नागानोत, पदकाची आशा संपल्यावर, तिने मागच्या मागे कोलांटी उडी घेतली आणि एका पायावर उतरली. ही उडी तेव्हा नियमबाह्य होती. ती दहावी आली. तिचे अंग बळकट होते, वर्ण काळा होता, आणि पंचांच्या मनातली ‘डौलदार स्केटर’ ही प्रतिमा तशी नव्हती, असे अनेकांना तेव्हाही वाटले, आजही वाटते. हे कोणत्या रकान्यात तपासायचे? २०२४ मध्ये संघटनेने त्या उडीवरची बंदी उठवली.

भावोजींना मी एक हिशेब विचारला. सोचीच्या पद्धतीत मुक्त कार्यक्रमात बारा गोष्टी करायच्या. प्रत्येकीला सफाईचा एक गुण, वर कलेच्या बाजूचे पाच. म्हणजे एका मुलीमागे एका पंचाने सतरा आकडे द्यायचे. अंतिम फेरीत चोवीस मुली. त्यांनी क्षणात सांगितले: चारशे आठ. चारशे आठ निर्णय एका संध्याकाळी, बहुतेक काही सेकंदांत घेतलेले! शिवाय पंचाचे स्वतःचेही मूल्यमापन होते. इतरांच्या सरासरीपासून फार दूर गेलेल्या पंचाला जाब द्यावा लागतो. हे बेइमानाला आवरायला ठीक. पण प्रामाणिक माणूस काय करील? आपल्याला खरोखर जे दिसले ते न लिहिता, इतरांना काय दिसले असेल याचा अंदाज लिहील. गेल्या मोसमात या मुलीला किती मिळाले होते? मग एवढेच द्यावे. नाव मोठे, गुण मोठे.

हे मी एवढ्या खात्रीने का सांगते? आता ते खासगी कारण.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलींच्या नृत्यस्पर्धेला मी परीक्षक होते. मला नृत्यातले फारसे कळत नाही. भाषांतर करणारी बाई म्हणजे तिला सर्व कळते असा मंडळाचा समज असावा. आम्ही तिघे परीक्षक शेजारी शेजारी बसलो होतो. सहाव्या क्रमांकावर एक मुलगी आली, वसाहतीच्या मागच्या बाजूच्या चाळीतली. वेशभूषा साधी, घुंगरू बहुधा कोणाचे तरी मागून आणलेले, पायाला थोडे सैल. पण तिने ताल असा धरला होता की माझ्या अंगावर काटा आला. मी वीसपैकी अठरा लिहिले. मग सहज माझी नजर शेजारच्या कागदावर गेली. शेजारचे परीक्षक नृत्यशिक्षक होते, अनुभवी. त्यांनी लिहिले होते तेरा.

मी अठरा खोडले आणि पंधरा केले.

त्यांनी मला काही म्हटले नव्हते. दडपण नव्हते, सौदा नव्हता, कोणाची पत्नी कोणाची सून असला प्रकार नव्हता. फक्त आपण एकटे पडू ही भीती होती. ती मुलगी एका गुणाने चौथी आली. बक्षिसे तीनच होती. कागद कार्यकर्त्यांनी गोळा केले आणि ते पुन्हा कोणी पाहिले नाहीत.

त्या तिघींत आणि चौथीत खरोखर कोण सरस हे मला सांगता येणार नाही. कदाचित नृत्यशिक्षकांचे तेराच बरोबर असतील. त्यांना तिच्या हस्तमुद्रेत काही दोष दिसला असेल, जो मला दिसलाच नाही. पण मग माझा अठरा माझाच राहायला हवा होता. तीन परीक्षक नेमायचे ते तिघांना तीन तऱ्हेने दिसावे म्हणून. तिघांनी एकच आकडा लिहायचा असेल तर एक पुरे.

ही हकीकत त्या रविवारी मी घरी प्रथमच सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. भावोजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. पुतणीने विचारले, “काकू, त्या मुलीला माहीत आहे?” नाही. तिला माहीत असण्याचे कारण नाही. ती अजून त्याच चाळीत राहते. दूध आणायला जाताना कधीमधी दिसते. मोठी झाली आहे. नाचते की नाही, ठाऊक नाही.

यंदा मंडळाने मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावले आहे. मी चिटणिसांना लिहून कळवले आहे की, परीक्षकांना एकमेकांपासून दूर बसवावे आणि निकालाच्या दिवशी तिघांचे कागद, नावांसकट, मंडपाच्या फळ्यावर लावावेत. चिटणीस म्हणतात, त्याने भांडणे होतील, पालक परीक्षकांच्या दारात येतील. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. समितीची बैठक येत्या शनिवारी आहे.